कोणासाठी नाचून राहिल्या?

नागझिऱ्याला जायचं म्हणजे आधी गोंदिया. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसायचं, झोपायचं, उठायचं, खायचं, परत झोपायचं, तरी गाडी विदर्भातच असते. २०२४ ची २६ जानेवारी शुक्रवारी आली होती, त्यामुळे लाँग वीकएंड. आम्ही कॉलेजचे चौघं मित्र निघालो. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' मी कॉलेजात असताना वाचलं होतं, किरण पुरंदऱ्यांचं 'सखा नागझिरा' नोकरी लागल्यावर. पुरंदरे त्या जंगलात चारशे दिवस राहिले. आम्हाला मॅनेजरने दिले चार. असो.

तर मंडळी, हा लेख वाघाबद्दल नाही. वाघ दिसलाही नाही. हा लेख चीअरलीडर्सबद्दल आहे. हसू नका, सांगतो.

आम्ही उतरलो होतो चोरखमारा गेटच्या बाजूच्या एका छोट्या गावात. मोबाईलला रेंज येऊन-जाऊन. म्हणून मी टॅबवर निघण्याआधीच काहीबाही उतरवून घेतलं होतं, त्यात 'चीअर' नावाची डॉक्युमेंटरी मालिका होती. नेटफ्लिक्सवर जानेवारी २०२० मध्ये आलेली, सहा भाग, दिग्दर्शक ग्रेग व्हाइटली. बुधवारी रात्री शेकोटीपाशी बसून आम्ही दोन भाग बघितले. पहिली दहा मिनिटं चेष्टा चालली, मग सगळे गप्प.

गुरुवारी सफारीचं बुकिंग मिळालं नव्हतं. सकाळी गावात चक्कर मारायला निघालो तर शाळेच्या मैदानातून आवाज. छन्-छन्, छन्-छन्. लेझीम! दुसऱ्या दिवशीच्या प्रजासत्ताक दिनाची प्रॅक्टिस. सातवी-आठवीच्या वीसेक मुली, एक मुलगा ढोलावर, आणि शिट्टी तोंडात धरलेल्या एक मॅडम. मॅडमनी आम्हाला बसायला बाकडं दिलं. मधल्या सुट्टीत पोरी आमच्याभोवती गोळा झाल्या. "तुमी पुण्याचे का जी?" वगैरे झालं. टॅब बघून विचारलं, यात काय आहे? मी मॅडमना विचारून 'चीअर'चा एक तुकडा लावला. मुली हवेत फेकल्या जातात, दोन गिरक्या घेतात, खाली चार जण झेलतात. पोरींनी श्वास रोखून बघितलं. मग दोन वेण्यांवाल्या एकीने विचारलं,

"सर, ह्या कोणासाठी नाचून राहिल्या जी?"

मी म्हटलं, "कोणासाठी म्हणजे?"

"म्हणजे पाहुणे कोण हायेत?"

मी म्हटलं, पाहुणे नाहीत, यांचीच स्पर्धा आहे. ती म्हणाली, "मंग चांगलं हाये," आणि लेझीम उचलून गेली.

परतीच्या गाडीत वीस तास होते. डोक्यात तोच प्रश्न. पुढचे बरेच शनिवार-रविवार मी त्यावर वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते हे.

आधी डॉक्युमेंटरी. टेक्सासमध्ये कॉर्सिकाना नावाचं गाव आहे, तिथे नॅव्हारो कॉलेज. दोन वर्षांचं साधं कॉलेज, आपल्याकडच्या तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजसारखं म्हणा. पण त्यांचं चीअरलीडिंगचं पथक अमेरिकेत एक नंबर. मोनिका अल्डामा ही त्यांची कोच. पोरं-पोरी अठरा-एकोणीस-वीसची, त्यातली बरीचशी मोडक्या घरांतून आलेली. एप्रिल २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचला राष्ट्रीय स्पर्धा, त्याची तयारी मालिकेत दाखवली आहे. वर्षभर घाम गाळायचा तो किती वेळाच्या सादरीकरणासाठी? सव्वादोन मिनिटांच्या! मी ज्या प्रोजेक्टवर आहे तिथे सव्वादोन मिनिटांत बिल्डसुद्धा होत नाही.

या मालिकेत बघण्यासारख्या दोन गोष्टी आहेत, नाट्यमय पाडापाडी आणि रडारड सोडून. एक म्हणजे 'मॅट टॉक'. ज्यांची अंतिम वीसांत निवड होत नाही ते मॅटच्या कडेला उभे राहून आपल्याच पथकासाठी घसा फाटेपर्यंत ओरडतात. म्हणजे चीअरलीडर्सचे चीअरलीडर्स. आणि दुसरी गोष्ट शेवटच्या भागात. स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीने नेटफ्लिक्सच्या टीमला स्पर्धेचं चित्रीकरण करू दिलं नाही. त्यामुळे ज्या सव्वादोन मिनिटांसाठी सहा भाग बघितले, ती मिनिटं आपल्याला प्रेक्षकांच्या मोबाईलवरच्या हलत्या चित्रणातून बघायला मिळतात. आणि मला वाटतं मालिकेचं काहीच बिघडलं नाही. कारण तोवर आपण कामगिरी बघून झालेलो असतो, सरावाच्या हॉलमध्ये.

(मालिकेनंतर यातल्या सर्वांत लाडक्या मुलाला अल्पवयीन मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल तुरुंगात जावं लागलं. २०२२ च्या दुसऱ्या मोसमात त्याबद्दल एक पूर्ण भाग आहे, तक्रार करणाऱ्या मुलांसकट. तो बघायचा असेल तर मन घट्ट करून बघा. पण पहिला मोसम बघून भारावून जायचं आणि हे बघायचं नाही, असं करू नका.)

आता चीअरलीडिंग आलं कुठून. मला वाटायचं फुटबॉल मॅचमध्ये मुली नाचवायच्या ही कुणातरी मार्केटिंगवाल्याची आयडिया असणार. साफ चूक. २ नोव्हेंबर १८९८ ला मिनेसोटा विद्यापीठाचा जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी हरत्या टीमला धीर द्यायला मैदानाच्या कडेला उभा राहिला आणि त्याने प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेतल्या. हा पहिला चीअरलीडर, आणि हा बुवा! पुढची पंचवीस वर्षं सगळे बुवाच. आवाज मोठा पाहिजे, गर्दीवर हुकूम चालला पाहिजे, म्हणजे पुरुषाचंच काम असा हिशोब. कॉलेजात चीअरलीडर असणं ही प्रतिष्ठा होती, पुढारी व्हायची पहिली पायरी. फ्रँकलिन रूझवेल्ट, आयझेनहॉवर, रोनाल्ड रेगन आणि धाकटे बुश, हे चारही अमेरिकन राष्ट्राध्यक्ष शिकत असताना चीअरलीडर होते. आयझेनहॉवरचा गुडघा गेला म्हणून फुटबॉल सुटला, मग तो चीअरलीडर झाला. हे मी ऑफिसात सांगितलं तेव्हा कुणीही विश्वास ठेवला नाही.

१९२३ मध्ये त्याच मिनेसोटात पहिल्यांदा मुली आल्या. दुसऱ्या महायुद्धात पोरं लढाईवर गेली आणि मुलींनी जागा भरून काढल्या. १९४८ मध्ये टेक्सासच्या लॉरेन्स हर्कीमरने पहिलं शिबिर घेतलं, त्यात ५२ मुली आणि एक मुलगा. म्हणजे पन्नास वर्षांत पारडं पूर्ण उलटं. हा हर्कीमर पक्का धंदेवाईक माणूस. शिबिरं काढली, गणवेश विकले, आणि त्या झुबकेदार पॉमपॉमचं पेटंटही १९७१ मध्ये त्याच्याच नावावर. १९७२ मध्ये डॅलस काउबॉइज या व्यावसायिक टीमने तोकड्या कपड्यांतलं नाचाचं पथक उभं केलं आणि टीव्हीमुळे जगाच्या डोक्यात चीअरलीडर म्हटलं की तेच चित्र बसलं. त्यांना सुरुवातीच्या काळात एका मॅचचे मिळायचे पंधरा डॉलर. प्रतिष्ठेचं काम मुलींच्या हातात आलं आणि त्याची प्रतिष्ठा गेली. टायपिस्टचं असंच झालं होतं. (कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगचं बरोबर उलटं झालं, तिथे आधी बायका होत्या आणि पुरुष आल्यावर पगार वाढले. पण तो वेगळ्या वीकएंडचा विषय.)

इथे मला माझं सांगायला पाहिजे. १ जून २००८, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, पहिल्या आयपीएलची फायनल. मी नुकता नोकरीला लागलो होतो आणि पहिल्या पगारातलं तिकीट होतं. चेन्नई १६३, राजस्थानने शेवटच्या चेंडूवर काढले. युसूफ पठाणने काय मारलं होतं! हे सगळं मला आजही पाठ आहे. पण आमच्या स्टँडसमोर ज्या चीअरलीडर्स नाचत होत्या त्या चार होत्या की सहा, हे आठवत नाही. त्यांना बघून आम्ही काय ओरडत होतो ते मात्र आठवतं. ते इथे लिहिणार नाही.

त्या दोन महिन्यांत महाराष्ट्रात काय गदारोळ झाला होता आठवतोय? १८ एप्रिलला बंगलोरमध्ये पहिली मॅच झाली, तिथे वॉशिंग्टनच्या फुटबॉल टीमच्या चीअरलीडर्स आणल्या होत्या. त्यानंतर इकडे राज्याच्या गृहखात्याच्या तेव्हाच्या राज्यमंत्र्यांनी आक्षेप घेतला. २००५ मध्ये डान्सबारवर बंदी घालणारं राज्य स्टेडियममध्ये हे कसं चालवून घेतं, असा सवाल विचारला गेला. आता गंमत बघा. तो सवाल तसा बिनतोड होता! बारमधल्या बाईला घरी बसवायचं आणि परदेशी बाईला टीव्हीवर दाखवायचं, यातला दुटप्पीपणा खराच होता. पण चर्चा त्या दिशेने गेलीच नाही. ती गेली कपड्यांकडे. स्कर्ट किती इंच, पाय किती दिसतात. त्या मुली करतात काय, त्यांना येतं काय, मिळतं किती, हा प्रश्न ना मंत्र्यांना पडला ना आम्हा ओरडणाऱ्यांना. त्याच मोसमात मोहालीला दोन कृष्णवर्णीय ब्रिटिश चीअरलीडर्सनी तक्रार केली की कातडीच्या रंगामुळे आपल्याला मैदानात उतरू दिलं नाही. दोन दिवस बातमी, मग पुढची मॅच.

२०११ मध्ये पुणे वॉरियर्सने यावर तोडगा काढला: 'चीअर क्वीन्स'. साडी नेसून भारतीय नृत्यं करणाऱ्या मुली. संस्कृती वाचली! चौकार बसला की पंधरा सेकंदांत शास्त्रीय नृत्याचा एक तुकडा, लगेच पुढचा चेंडू. भरतनाट्यम शिकायला वर्षं लागतात हो. कपडे बदलले, पण ती मुलगी उभी होती तिथेच, सीमारेषेच्या बाहेर, दुसऱ्याच्या चौकाराची वाट बघत. त्याच वर्षी मुंबई इंडियन्सच्या एका दक्षिण आफ्रिकी चीअरलीडरला घरी पाठवलं गेलं, कारण ती नाव न देता ब्लॉग लिहायची आणि पार्ट्यांमध्ये खेळाडू कसे वागतात हे त्यात तिने लिहिलं होतं. नाचणारी लिहायला लागली की पंचाईत होते.

बरं, हे झालं बाहेरून आलेलं. आता लेझीम.

लेझीम म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतं ते हातभर लांबीचा लाकडी दांडा, लोखंडी साखळी आणि तिच्यात खुळखुळणाऱ्या चकत्या. पण हे तिचं धाकटं रूप. शब्द फारसी आहे आणि मूळ वस्तू धनुष्य! दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेलं सरावाचं धनुष्य, ते ओढून ओढून तिरंदाजाचे दंड तयार करायचे. इराणात जुन्या पद्धतीच्या तालमी अजून आहेत, त्यांना झूरखाने म्हणतात. तिथे पहिलवान असंच एक जड लोखंडी धनुष्य डोक्यावर धरून ढोलाच्या तालावर या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरवतात, आणि साखळीतल्या चकत्या वाजतात. यूट्यूबवर बघा, अंगावर काटा येईल. वाटेल की हा आपल्या पेठेतला गणपती आहे, फक्त कुणीतरी वजन वीसपट केलंय. २०१० मध्ये युनेस्कोने ही परंपरा आपल्या वारसा-यादीत घेतली.

म्हणजे लेझीम हे मुळात शस्त्राचं भावंड. आपल्याकडे ते तालमीत आलं, मुद्गल-करेला-मल्लखांबाच्या शेजारी. मल्लखांबाचं श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभट देवधरांना देतात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाची सुरुवात. पुढे विसाव्या शतकात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराच्या प्रा. माणिकरावांनी तालमीतला एकट्याचा व्यायाम सामुदायिक कवायतीत आणला, देशी आज्ञा दिल्या. शाळेत पी.टी.च्या तासाला आपण जे 'होशियार' ऐकलं त्याची मुळं तिथली. लेझमीच्या हातांची नावं आठवा: चार आवाज, एक जगह, आदि लगाव, दो रुख, आगे फलांग, मोरचाल. गोंदियाच्या त्या मॅडमही हेच ओरडत होत्या. ते दो रुख आणि आगे फलांग एका मराठी शाळेत असे हिंदी-उर्दूच राहिलेत आणि कुणाला खटकतही नाही, हे मला फार आवडलं.

विदर्भातच याचं मोठं केंद्र होतं आणि आहे: अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, स्थापना १९१४, वैद्य बंधूंची. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाचं पथक जर्मनीला गेलं आणि तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली, कबड्डीसकट. १९३६ च्या बर्लिनबद्दल आपल्याला काय माहीत असतं? ध्यानचंद, १५ ऑगस्टची फायनल, जर्मनीवर ८-१. बरोबरच आहे. पण त्याच दिवसांत त्याच गावात अमरावतीची पोरंही होती, हे मला पस्तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर प्रतिस्पर्धी नव्हता, त्यामुळे स्कोअर नाही, आणि स्कोअर नसला की लक्षात राहत नाही. मघाशी डी. वाय. पाटीलचं सांगितलंच.

त्या ऑलिंपिकवर लेनी रीफेनश्टालने 'ऑलिंपिया' हा चित्रपट केला, १९३८ चा. हिटलरच्या राज्याच्या पैशाने काढलेला प्रचारपट आणि तरीही खेळाच्या चित्रीकरणाचा धडा, असं ते विचित्र प्रकरण आहे. त्यात हजारो मुली एकाच तालात व्यायाम करतात असं एक दृश्य आहे. कॅमेरा एका मुलीवरून मागे मागे जातो आणि मैदान भरून जातं. मुली सुंदर दिसतात आणि त्यातली एकही लक्षात राहत नाही. एकतालात हलणारी तरुण शरीरं बघायला राज्यकर्त्यांना फार आवडतात, कुठल्याही देशाच्या. १९ नोव्हेंबर १९८२ ला दिल्लीच्या एशियाडच्या उद्घाटनाला महाराष्ट्राचं चारशे जणांचं लेझीम झालं तेव्हा घरोघरी लोकांनी टीव्हीवर बघितलं, अभिमानाने. एका २६ जानेवारीला सांगलीत सात हजारांवर मुलं-मुली एकदम लेझीम खेळली, विक्रमासाठी. आकडा लक्षात राहतो.

एक उपकथा सांगतो, कारण राहवत नाही. ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये मुली हातात दोन बाटल्यांसारखे दांडे घेऊन फेकतात-झेलतात, बघितलंय? त्याचं मूळ आपला मुद्गल. एकोणिसाव्या शतकात इंग्रज शिपायांनी तो इथल्या तालमींमधून उचलला, 'इंडियन क्लब' म्हणून युरोप-अमेरिकेत नेला, हलका केला, आणि तिथल्या मुलींच्या व्यायामात गेला. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवण्याची चक्क स्पर्धा होती. म्हणजे लेझमीसारखाच प्रवास: पहिलवानाची वस्तू, वजन उतरवलं, मुलीच्या हातात दिली, आणि मग 'किती छान दिसतं' म्हणायला सगळे मोकळे.

दिसतं छान, पण पडल्यावर लागतं. अमेरिकेत हायस्कूलच्या मुलींना खेळताना होणाऱ्या अतिगंभीर इजांची (मान, मणका, डोकं) नोंद १९८२ पासून ठेवतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या चीअरलीडिंगमधल्या निघाल्या. त्यानंतर नियम आले. शाळेच्या पातळीवर पिरॅमिड दोन माणसांच्या उंचीपलीकडे न्यायचा नाही, वगैरे. दोन! आपण नऊ थर लावतो. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दहीहंडीला १८ वर्षांची आणि वीस फुटांची मर्यादा घातली. २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली, आणि २०१७ मध्ये उंचीची मर्यादा गेली व वयाची १४ वर आली. मुंबईत मुलींचीही गोविंदा पथकं आहेत, सहा-सात थरांपर्यंत जातात. स्पेनच्या कॅटालोनियात असेच मनोरे रचतात. तिथे २००६ मध्ये वरून पडून एक बारा वर्षांची मुलगी गेली, त्यानंतर वरच्या पोरांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. प्रत्येक ठिकाणी नियमाच्या आधी कुणीतरी पडलेलं असतं.

आणि तरीही हा खेळ आहे की नाही यावर वाद! अमेरिकेत क्विनिपिॲक नावाच्या विद्यापीठाने २००९ मध्ये मुलींचा व्हॉलीबॉल बंद करून त्याजागी चीअरलीडिंग दाखवायचं ठरवलं. व्हॉलीबॉलवाल्या मुली कोर्टात गेल्या आणि २०१० मध्ये जिंकल्या. न्यायाधीशांचं म्हणणं थोडक्यात असं की हा अजून खेळ म्हणण्याइतका संघटित नाही, उद्या होईलही. म्हणजे एका बाजूच्या मुलींना न्याय मिळाला तो दुसऱ्या बाजूच्या मुली खेळाडू नाहीत असं ठरवून. मी हे दोनदा वाचलं, कुणाची बाजू घ्यावी कळेना. आता २०२१ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता आहे, पदकं अजून नाहीत. आणि त्या पंधरा डॉलरवाल्या डॅलसच्या मुली? व्हाइटलीनेच त्यांच्यावर २०२४ मध्ये मालिका केली, त्यात त्यांना किती कमी मिळतं ते जगाने बघितलं. २०२५ च्या दुसऱ्या मोसमात पगार सुमारे ४०० टक्क्यांनी वाढल्याची बातमी होती. मान्यतेने जे झालं नाही ते कॅमेऱ्याने केलं.

एवढं सगळं वाचून माझा एक मस्त सिद्धांत तयार झाला होता. की मुलींचं पथक म्हणजे नेहमी दुसऱ्या कुणासाठी तरी: टीमसाठी, मंत्र्यांसाठी, पाहुण्यांसाठी. मी तो आईला फोनवर ऐकवला. तिला मुद्दाम, कारण १९७४-७५ मध्ये ती शाळेच्या लेझीम पथकात होती, आणि एका बड्या पाहुण्यांच्या स्वागताला त्यांना तीन तास उन्हात उभं केल्याची, एक मुलगी चक्कर येऊन पडल्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. मला वाटलं, आई म्हणेल, हो रे बाबा, खरं आहे.

आई म्हणाली, "आम्ही पाहुण्यांसाठी खेळायचो असं तुला कोणी सांगितलं? पाहुण्यांकडे बघायला फुरसत कुणाला होती? दोन रुख करताना बाजूचीकडे बघावं लागतं. चुकलं की तिच्या कोपरावर बसायचं." मग जरा थांबून म्हणाली, "ती पडली ना, सुमी, तिची जागा मी भरली होती. रांग मोडली नाही आम्ही." पन्नास वर्षांनंतरही आवाजात तोच ताठा.

आता गावाकडे परत, कारण शुक्रवारचं सांगायचं राहिलं.

२६ जानेवारीला सकाळी आम्ही चौघं आंघोळ-बिंघोळ करून शाळेत हजर. झेंडावंदन वेळेवर झालं. मग सांस्कृतिक कार्यक्रम, पण त्याचे पाहुणे दुसऱ्या दोन गावांतून यायचे होते. पोरी रांगेत, पांढरा सदरा, डोक्याला भगवी फीत. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. जानेवारीचं ऊनही तिकडे साडेनऊनंतर चटका देतं. हेडमास्तर फोन घेऊन रेंज शोधत मैदानाच्या कोपऱ्यात. गावातल्या बाया, म्हातारे, कुत्री, सगळे बसलेले.

मॅडमनी एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा पोरींकडे. आणि शिट्टी मारली. "होशियार!"

पूर्ण नऊ मिनिटं. ढोलवाल्याने मध्ये लय वाढवली तर पोरींनी ती धरली. मोरचालीला म्हाताऱ्यांनी टाळ्या धरल्या. संपलं तेव्हा धूळ खाली बसायच्या आत पाहुण्यांची गाडी आली. हेडमास्तर धावत आले, म्हणाले, मॅडम, एकदा परत घेऊ. मॅडम म्हणाल्या, "आता पोरींचा नाश्ता हाये जी, सर." पाहुण्यांना हार घातला गेला, भाषण झालं, छान झालं. पोरी व्हरांड्यात बसून पोहे खात होत्या.

दोन वेण्यांवाली ताटली घेऊन माझ्याकडे आली. "सर, तुमी मोबाईलमदी घेतलं का?"

मी घेतलं होतं. तिने एका हाताने फोन धरला, दुसऱ्याने पोहे. पाच-सहा जणी तिच्या खांद्यावरून वाकल्या. मला वाटलं स्वतःला शोधतील, हसतील. कुणी हसलं नाही. तिने व्हिडिओ मागे नेला, थांबवला, परत लावला.

"हे पाहा," ती शेजारणीला म्हणाली. "इथं हुकली मी. तुले लागलं का?"

"थोडंसं," शेजारीण म्हणाली आणि कोपर दाखवलं.